आठ दिवस बिनसारवणीचं घर

लग्न झालं तेव्हा मला दोन गोष्टी येत नव्हत्या. भाकरी थापणं आणि शेणानं सारवणं. भाकरीचं माहेरी कुणी मनावर घेतलं नव्हतं आणि सारवायला आमच्याकडं जमीनच नव्हती. माझं माहेर माधवनगरचं. वडील गिरणीत. आम्हाला दोन खोल्या आणि दोन्हींत शहाबादी फरशी. ओलं फडकं फिरवलं, वाळलं, की संपलं. सासर मिळालं कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठच्या गावात. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, पुढं अंगण, मागं परडं आणि गोठा, सगळं मातीचं. फरशी म्हणून ती एकच, न्हाणीतली. पहिल्याच सोमवारी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शेणाची पाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "घाल हात." मी दोन बोटांनी थोडंसं उचललं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेढा हाय का त्यो?"

आत्याबाईंचं सारवण गावात नावाजलेलं होतं. सोमवार आणि शुक्रवार, न चुकता. हाताच्या एका वळशाशेजारी दुसरा वळसा असा बसायचा, की लग्नाच्या घरची माणसं त्यांना मुद्दाम मांडव सारवायला बोलवत. रोज पहाटे अंगणात शेणाचा सडा आणि त्यावर रांगोळी. मामंजी, म्हणजे सासरे, फौजेत हवालदार होते. वीसएक वर्षं नोकरी करून पेन्शनवर येऊन तेव्हा त्यांना दोनच वर्षं झाली होती. तोवर मुलगा फौजेत भरती झालेला. एक आला, एक गेला. शेत, म्हैस, घर, सगळं या बाईनं एकटीनं ओढलं होतं. त्यामुळं घरात त्यांचा शब्द चालायचा. मामंजींचासुद्धा चालायचा, पण तो अंगणात.

आमचं लग्न वैशाखात झालं आणि लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत हे ड्युटीवर गेले. दसऱ्याला महिन्याच्या सुट्टीवर आले आणि दहाव्या दिवशी तार आली, सुट्टी रद्द. साल एकाहत्तर. सीमेवर काहीतरी शिजतंय, एवढं मामंजींच्या ट्रान्झिस्टरवरून आम्हालाही कळत होतं. त्या दिवसांत आमच्या शेतात धनगराची मेंढरं बसवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी हे तिकडं गेले आणि येताना सदऱ्यात कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आले. काळं, पोटाखाली तांबूस, डोळे नुकते नीट उघडलेले. ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे घरात ठेव. गोठ्यात नको."

मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा एक होतं. आईनं गोठ्यात बांधायला लावलं. कोल्ह्यानं नेलं, सकाळी नुसती दोरी होती. "मी येईपर्यंत घरात सांभाळ. एवढं एक कर."

लग्नाला सहा महिने होत आले होते आणि आमचं इतकं लांब बोलणं पहिल्यांदाच होत होतं. शिवाय त्यांनी माझ्याकडं काही मागितलं, तेही पहिल्यांदाच. मी हो म्हणाले. वाघ आणून दिला असता तरी म्हणाले असते.

जाणाऱ्या माणसाला नाही म्हणू नये, म्हणून आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पिल्लाकडं बघितलं, मुलाच्या कपाळाला टिळा लावला, हातावर दही ठेवलं. एस्टी वळणापलीकडं जाईपर्यंत अंगणात उभ्या राहिल्या. धुरळा खाली बसला तसं पदर खोचून म्हणाल्या, "गेला त्यो. आता बोलते. माझ्या सारवनावर ह्ये कुत्रं मुतलं तर म्या खपवून घेनार न्हाई. बाहेर जायाचं शिकलं तर घरात ऱ्हाईल. न्हाईतर गोठा."

त्याच वेळी पिल्लू माजघरात मुतलं. म्हणजे अटी समजावून सांगायला वेळ गेला नाही.

शिकवायचं काम मामंजींनी आपण होऊन घेतलं. पेन्शनवर आल्यापासून त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं आणि गावातली माणसं शिट्टीवर चालत नाहीत. त्यांनी पिल्लाला पहिल्या दिवसापासून रंगरूट, म्हणजे नवा शिपाई, म्हणायला सुरुवात केली. त्याला नाव मात्र ठेवायचं नाही, ते मुलगा आल्यावर ठेवील, असा हुकूम. पहाटे पाचला शिट्टी. रंगरूटला अंगणात न्यायचं. मामंजी त्याच्यासमोर उभे राहून हिंदीत सांगायचे, "यहाँ करना है. अंदर नहीं. समझा?" पिल्लू त्यांच्या मिशीकडं बघायचं. मामंजी दहा मिनिटं थांबायचे, पिल्लूही थांबायचं. मग दोघं आत यायचे आणि पिल्लू सोप्यात पाय फाकवून बसायचं.

गुन्हा घडला की पेशी. मामंजी बाजेवर बसणार, पिल्लाला समोर उभं करणार, जागा दाखवणार आणि विचारणार, "ये क्या है?" मग शिक्षा सुनवायची, दुपारचं दूध अर्धं. आत्याबाई चुलीपासून ओरडायच्या, "आवं, त्याला हिंदी येतंय का?" मामंजी म्हणायचे, फौजेत कुणालाच येत नसतं, शिकतात. दूध मात्र पूर्णच मिळायचं, कारण ते मी घालायचे आणि मला पेशीचा धाक नव्हता.

चार आठवड्यांत पिल्लू शिट्टी वाजली की बसायला शिकलं. बसायचं आणि तिथंच करायचं. मामंजींनी शिट्टी पेटीत ठेवली.

या सगळ्यात माझं काम एकच. पिल्लानं जिथं केलं, तिथलं खरवडून काढायचं आणि तेवढ्या जागी लगेच ताजं शेण घालून सारवायचं. दिवसातून चारदा, पाचदा. आत्याबाई डोक्यावर उभ्या राहून बघायच्या. "हात सैल सोड. अगं, घासतीस काय, भांडं हाय का?" पिल्लाचं आणि माझं शिक्षण एकाच जमिनीवर चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मी पुढं होते. महिन्याभरात माझा हात बसला. पण जमीन ठिगळाठिगळांची झाली होती, वाकळेसारखी. आलेली बाई आधी जमिनीकडं बघायची, मग आत्याबाईंकडं. आत्याबाई कोणालाच बसा म्हणेनात.

एक दिवस त्या जेवताना शांतपणे म्हणाल्या, "गोठ्यात चांगली उबदार जागा हाय." रागावून बोलल्या असत्या तर मला धीर वाटला असता. त्यांचा शांत आवाज म्हणजे निकाल लागला. कार्तिकात यांचं एक पत्र आलं होतं. सगळ्यांना नमस्कार, तब्येत ठीक, काळजी नसावी, आणि खाली एक ओळ, पिल्लू घरातच असेल. असेल का, असं विचारलंसुद्धा नव्हतं. त्या माणसानं धरूनच ठेवलं होतं. त्याच्यानंतर पत्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीत धुणं धूत होते. पिल्लू माझ्याजवळ फरशीवर होतं. त्याला लागली होती, हे मला आता ओळखू यायचं, मागचे पाय आवळून उभं राहायचं. म्हटलं, इथंच कर बाबा, इथं पाणी ओतलं की झालं. पण नाही. तसंच आवळून ते न्हाणीतून निघालं, परड्यातनं, स्वयंपाकघरातनं, पार माजघरात गेलं. सकाळी मी सारवलेलं ठिगळ अजून ओलसर होतं. ते हुंगलं, त्याच्यावर तीन फेऱ्या मारल्या, नेमकं मधोमध बसलं आणि मोकळं झालं. मग शेपूट वर करून माझ्याकडं परत आलं. त्याच्या तोंडावर कर्तव्य केल्याचं समाधान होतं.

मी साबणाच्या हातानं तशीच उभी राहिले. ते पिल्लू चुकत नव्हतं. दीड महिना ते घर धुंडाळून धुंडाळून बरोबर जागी जात होतं. शेणाचा ताजा वास जिथं, तिथं करायचं, एवढं ते पहिल्या दिवशीच शिकलं होतं. आणि रोज चार-पाच वेळा त्याचा संडास ताजा करून ठेवणारी कोण, तर मी. सगळं घर शेणानं सारवलेलं, अंगणात शेणाचा सडा. त्या जिवाला आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे कसं कळावं? माधवनगरच्या फरशीवर वाढलेल्या मलाही पहिला आठवडाभर कळलं नव्हतं, चपला कुठं काढायच्या ते.

मी मामंजींना सांगितलं. ते न्हाणीपासून माजघरापर्यंत एकदा चालून आले. मग म्हणाले, "म्हणजे चूक इन्स्ट्रक्टरची हाय." एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं असावं. तिथंच त्यांनी बेत ठरवला. आठ दिवस घरात सारवण बंद. अंगणात सडा बंद. अंगणाच्या एका कडेला, शेवग्याखाली, एकच जागा रोज ताज्या शेणानं सारवायची. साऱ्या आवारात वास तिथलाच. रंगरूट जाईल कुठं?

प्रश्न आत्याबाईंचा होता. मामंजी म्हणाले, तू सांग. मी म्हणाले, तुम्ही सांगा. पाकिस्तानशी लढलेला माणूस म्हणाला, "मी म्हशीकडं बघून येतो."

मी संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. आत्याबाईंच्या हातातली भाकरी परातीतच थांबली.

"घर सारवायचं न्हाई?"

"आठ दिवस."

"सडा?"

"सडाही नाही. पाणी शिंपडू नुसतं."

"सडा-सारवन कवा बंद असतंय, ठावं हाय का तुला?"

मी नाही म्हणाले. माहेरी सडाच नव्हता, तर तो बंद कधी असतो ते कुठून कळणार? त्यांनी माझ्याकडं एकदा निरखून बघितलं, पण सांगितलं काही नाही. भाकरी तव्यावर टाकली. जेवणं झाली, भांडी झाली. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आठ दिस. नवव्या दिशी म्या सारवनार. तवर शिकलं न्हाई, तर गोठा. आनि परत त्याच्यापायी तोंड उघडायचं न्हाई." त्या कशा कबूल झाल्या, याचं मला नवल वाटलं. त्यांचा दहा वर्षांचा पोरगा ती रिकामी दोरी हातात धरून दोन दिवस उपाशी बसला होता, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मामंजी पहाटेच कामाला लागले. फौजेत जागा आखल्याशिवाय काही सुरू होत नाही म्हणे. शेवग्याखाली त्यांनी काठीनं मोजून लांब चौकोन आखला, साधारण माणूस आडवा मावेल एवढा. कडेनं विटा तिरक्या रोवल्या आणि त्यांना चुना फासला. मधली जागा मी शेणानं सारवली. मग मामंजींनी फौजेतली टोपी घातली, पिल्लू दोरीला बांधून तिथं सोडलं आणि बाजूला सावधान उभे राहिले. खाली मान घालून, कारण बघायचं खाली होतं. त्या वेळी कोणी बोलायचं नाही, रंगरूटचं लक्ष विचलित होतं, असा हुकूम होता. आमच्या अंगणाला छातीइतका दगडाचा गडगा. रस्त्यानं जाणाऱ्याला मामंजींची टोपी आणि मिशी दिसायची. विटाही दिसायच्या. पिल्लू तेवढं दिसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर सांगितलं, लढाई सुरू झाली.

मामंजींनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि तो हातात धरून बसले. आत्याबाई देवाजवळ दिवा लावून आल्या आणि म्हणाल्या, "जेवून घ्या." त्यानंतर त्या घरात लढाईबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मामंजी ठरलेल्या वेळी बातम्या लावायचे, आवाज बारीक ठेवायचे. आम्ही दोघी हातातलं काम तसंच चालू ठेवायचो. मी पिल्लाकडं लक्ष देत होते. आठ दिवसांचा हिशोब माझ्या हातात होता, बाकी काहीच नव्हतं. ते घरात राहिलं तर सगळं ठीक होईल, असा काहीतरी येडपटपणा मी मनात धरला होता. हसायचं तर हसा. त्या वयात, त्या दिवसांत, तुम्हीही धरला असता.

घर रोज वाईट दिसायला लागलं. माजघरात पोपडे धरले. चालताना पायाला धूळ लागायची. आत्याबाई पहाटे उठून सवयीनं शेणाच्या पाटीकडं जायच्या आणि परत यायच्या. दारात रांगोळी नाही. गल्लीतल्या बायका येईनाशा झाल्या. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं आणि माझी घागर दुसरीच कोणीतरी आधी भरून द्यायची. मला वाटलं, घर गलिच्छ ठेवलं म्हणून नावं ठेवत असतील. ठेवा म्हटलं.

आणि पाचव्या दिवशी पिल्लू आपलं आपण जागेवर गेलं! दोरी नाही, शिट्टी नाही. सोप्यातून उठलं, उंबऱ्यावरून गडगडत खाली पडलं, तसंच शेवग्याखाली पळालं, हुंगलं, फेऱ्या मारल्या आणि केलं. मामंजी तिथं टोपी घालून उभेच होते. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी टाचा जुळवून त्याला कडक सलाम ठोकला. सहाव्या दिवशीही तसंच. मी हरखून गेले. आता फक्त दोन दिवस काढायचे होते.

सातव्या दिवशी दुपारी आत्याबाई सोप्यात जोंधळे निवडत होत्या. मी बाजूला बसले होते. अंगणात चाहूल लागली आणि समोरच्या काकी आत आल्या, मागं गल्लीतल्या तिघीजणी. डोक्यावरनं पदर ओढलेले. काकींच्या कमरेवर पाटी, वर फडकं झाकलेलं. कोणी हाक मारली नाही, काय चाललंय विचारलं नाही. काकी आत्याबाईंना खेटून बसल्या, पाटी पुढं ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला. फडकं सरकलं. आत भाकरी होत्या आणि पिठलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी आणतात, तिला कडू भाकरी म्हणतात. ती माधवनगरलाही आणतात. एवढं मला ठाऊक होतं.

आत्याबाईंनी भाकरीकडं बघितलं. हातातलं सूप त्यांनी सावकाश खाली ठेवलं, जोंधळा सांडू न देता. पोस्टमन पलीकडच्या गावाहून येतो, तो आधी चावडीवर थांबतो. तार आली तर गावाला आधी कळते आणि घराला मागून. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या कानात आवाज भरला आणि समोरच्या बायकांची तोंडं हलताना दिसायला लागली, ऐकू काही येईना. नवरा आत्ता पलीकडच्या खोलीत घोरतोय. तरी हे लिहिताना मला उठून एकदा बघून यावंसं वाटलं. बघून आले. घोरतोय.

आत्याबाई म्हणाल्या, "कवा आली?"

काकींनी डोळ्याला पदर लावला. "काय, वैनी?"

"तार. कवा आली तार?"

"आवं, ते तुमी सांगायचं. आमी कुठल्या तोंडानं इचारावं, म्हून सात दिस गप ऱ्हायलो. आज जीव ऱ्हाईना."

"माझ्याकडं न्हाई आली," आत्याबाई म्हणाल्या. "चावडीत आली व्हय?"

"चावडीत कुटली?" काकी आता गोंधळल्या. "मग सडा का न्हाई तुमचा? सुतकाबिगर कोन सडा बंद ठिवतंय? सात दिस झालं. तुमच्या घरात सारवन न्हाई, दारात रांगोळी न्हाई. शेवग्याखाली समाधीवानी जागा केलीया. हवालदार रोज सकाळी टोपी घालून मान खाली घालून हुबं ऱ्हात्यात तिथं. परवा सलाम मारला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितला. गडग्याआडनं हात जोडलं आमी."

आत्याबाईंना काही उमगण्याआधीच अंगणातून मामंजी आले. टोपी मागं सरकलेली, काखेत पिल्लू, चेहरा फुललेला. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आज बी बरोबर जाग्यावर मुतलं!"

आम्ही सहाजणी त्यांच्याकडं बघत राहिलो. शेवटी काकी म्हणाल्या, "कोन मुतलं?"

मामंजींनी पिल्लू पुढं केलं.

मग मीच सगळं सांगितलं. शेणाचा वास, न्हाणीची फरशी, आठ दिवस. मला वाटतं मी फार भरभर बोलले. सांगून झाल्यावर तिघींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला आणि ती रडतेय की हसतेय ते कळेना. काकी मात्र संतापल्या. "कुत्र्यापायी? अगं, सात रात्री माझा डोळा लागला न्हाई! माझा बी लेक तितंच हाय!" आणि मग त्यांना खरंच रडू फुटलं, आता स्वतःच्या लेकासाठी, आणि आत्याबाईंनी त्यांना जवळ घेतलं. कोण कोणाला समजावायला आलं होतं, ते राहिलंच. जाताना भाकरीची पंचाईत झाली. कडू भाकरी परत घरी नेत नाहीत, आणि मयत नसलेल्या घरी ती खायची तरी कशी? ती म्हशीला घातली. म्हशीनं पिठलंसुद्धा चाटूनपुसून खाल्लं.

बायका गल्लीत गेल्या तशा आत्याबाई उठल्या. गोठ्यातून पाटीभर शेण आणलं. भर दुपारी अंगणात सडा टाकला, गडग्यापासून गडग्यापर्यंत, आणि दारात हातभर रांगोळी काढली. मग आत गेल्या. स्वयंपाकघरापासून सारवत सारवत मागं सरकू लागल्या, चूल, माजघर, सोपा. आठवा दिवस उद्या होता. एकच दिवस द्या, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण कडू भाकरीची ती पाटी मी बघितली होती, आणि त्या बाईला मी एक तासही मागणार नव्हते.

मी पिल्लाला घट्ट धरून उंबऱ्यावर बसले. त्याला वास आला. त्यानं एकदा अंग झाडलं, दुसऱ्यांदा झाडलं आणि माझ्या हातातून सुटलं. मला ओल्या सारवणावर पाय ठेवता येईना. ते थेट सोप्याच्या मधोमध गेलं, तीन फेऱ्या मारल्या आणि बसलं. सात दिवसांचं शिक्षण तिथं ओघळताना मी बघत होते. मामंजी भिंतीकडं बघत उभे होते.

आत्याबाई गुडघ्यावर होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. त्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "बांधते त्याला."

"कुटं?"

"गोठ्यात. तुम्ही म्हणाला होता."

"गप बस," त्या म्हणाल्या. पिल्लू आता त्यांच्याकडं निघालं होतं, ओल्या जमिनीवर पावलं उमटवत. त्यांनी त्याला हाकललं नाही. "मुतू दे त्याला. पोरगं फौजेत गेल्यापासनं ह्या जमिनीवर कुनी मुतलं न्हाई, कुनी रांगलं न्हाई, कुनी सांडलं न्हाई. लोकं म्हनत्यात, काय सारवन हाय बाईचं. ऱ्हानारच की. मोडायला कोन हाय?"

मामंजी तसेच भिंतीकडं तोंड करून बाहेर गेले.

आत्याबाईंनी शेणाचा गोळा घेतला आणि पिल्लानं केलं होतं तेवढ्याच जागेवर हात फिरवला. पावलांचे ठसे तसेच राहिले होते, मधल्या जागेपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत. मी कडेनं वाकून ते पुसायला हात पुढं केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "वाळू दे तसंच."